सात टाके

दुआर्नने, ३ मार्च १९८१

चि. गुलवेनास,
कातेलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कात्री अर्ध्या कापडात होती तेव्हा पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला. वाचलं, आणि कात्री तशीच ठेवून उत्तर लिहायला बसले. उरलेलं कापड कापायचं की नाही, हे आता तुझ्यावर आहे.

तू लिहितोस की वादळासाठी वेगळं शीड नको. मोठ्या शिडाला दोन घड्या आहेत, तिसरी घालून दे, म्हणजे गरज पडली तर ते घडी करून टॉवेलाएवढं करीन आणि निभावून नेईन. वेगळं शीड म्हणजे वेगळी पिशवी, वेगळे दोर, आणि एकसष्टाव्या वर्षी हलत्या नावेत डोलकाठीशी जाऊन ते चढवण्याची कसरत. तुझं म्हणणं मूर्खपणाचं नाही. हल्ली बरेच लोक तसंच करतात आणि सुखरूप परत येतात.

पण माझं ऐक. तिसऱ्या घडीपर्यंत वेळ येते तेव्हा मोठं शीड दिवसभर मार खाऊन थकलेलं असतं. ते तिथेच फाटलं तर हातात काही उरत नाही. शिवाय ते खालच्या आडव्या काठीवर ताणलेलं असतं, आणि वादळात ती काठी मोडलेल्या नावा मी पाहिल्या आहेत. वेगळ्या शिडाला ती काठी लागत नाही. ते डोलकाठीवरच्या दुसऱ्या, बारक्या पट्टीवर चढतं, आणि मोठं शीड खाली बांधून ठेवता येतं. कोरं, न वापरलेलं कापड त्या दिवसासाठी राखलेलं असतं. वडील एवढं एकच सांगायचे, आणि तेही वर्षातून एकदा.

पुढच्या शिडाचंही सांगते. तुझं ते नवीन, तारेभोवती गुंडाळलं जाणारं शीड बंदरातल्या शेजाऱ्यांना दाखवायला छान आहे. पण अर्धं गुंडाळलं की त्याला गादीसारखं पोट सुटतं, आणि ते पोट नावेचं नाक ओढून नेतं. पुढे एक वेगळी तार बसवून घे. तिच्यावर लावायला छोटं शीड मी देते.

मनगट दुखतं. जाड कापडातून सुई ओढायला आता दोन्ही हात लागतात. समोरचा सार्डिन मासळीचा कारखाना डिसेंबरात बंद झाला. सकाळचा भोंगा वाजत नाही, त्यामुळे मला वेळ कळत नाही. त्याची एवढी सवय होती हे मला आधी माहीत नव्हतं.

मारिवोनला सांग, तिची नणंद लोणी घातलेला केक पाठवते आहे. तुझ्यासाठी नाही.

लवकर कळव. माझ्यावर राग धरायचा तर शीड हातात आल्यावर धर.

तुझी ताई,
कातेल

—

ला रोशेल, १५ मार्च १९८१

ती. ताईस,
गुलवेनचा सा. न. वि. वि.

काप. तुझी कात्री माझ्यामुळे अडून राहिली हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला जेवायला वाढलं नसतं.

खरं सांगायचं तर वाद घालायचा म्हणून घातला. शाळा सुटल्यापासून वाद घालायला कुणी नाही. तीस वर्षं मी मुलांना नकाशावर बिस्केचा उपसागर दाखवला. माझ्या बोटाखाली तो नेहमी शांत असायचा. आता तो ओलांडायचा म्हटलं की रात्री जाग येते, पण हे मारिवोनला बोललो नाही. तुला लिहितो, कारण तू लांब आहेस आणि हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

बेत असा. ऑगस्टच्या शेवटी इथून निघायचं, चार दिवसांत स्पेनचा किनारा गाठायचा, तिथे विसावा घेऊन अझोर्सकडे. एक हिवाळा बेटांवर. मारिवोन तयार आहे. कारेची पोर, बटाट्यांच्या शेतात वाढलेली, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. आंघोळीच्या टबातही तिला मळमळतं असं मी म्हणतो. ती म्हणते, मळमळ तुझ्या बोलण्याने होते.

पण ती शिकते आहे. गाठी तिला माझ्यापेक्षा नीट येतात. प्रत्येक गोष्ट आधी करून बघायची तिला खोड आहे. पाण्याचा पंप तीनदा उघडून पुन्हा जोडला. मी हसलो तर म्हणाली, आमच्याकडे मळणीयंत्र सुगीच्या आधी रिकामं चालवून बघतात, सुगीच्या दिवशी नाही.

पुढच्या तारेची व्यवस्था केली. तू म्हणालीस तशीच.

केक पोचला. एक तुकडा मला मिळाला, तोही कडेचा.

तुझं मनगट शेकत जा. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस, त्याचा मला आधार आहे.

तुझा,
गुलवेन

—

दुआर्नने, २ मे १९८१

चि. गुलवेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही शिडं होत आली. पुढचं छोटं आधी पाठवते, ते तारेवर लावून बघ आणि कड्या नीट बसतात का ते कळव. त्याला पिशवीचं तोंड शिवायचा रिवाज नाही, जोराच्या वाऱ्यात ते एरवीही लागतंच.

मागचं, खरं वादळाचं, आज अंगणात पसरलं. नारिंगी रंगाचं घेतलं आहे. पांढरं शीड फेसात दिसत नाही, आणि शोधणाऱ्याला तुम्ही दिसायला हवं. कापड जाड आहे, पण फार जाड नाही. फार जाड कापड थंडीत पत्र्यासारखं होतं आणि ओल्या हातात धरवत नाही. आकार तू म्हणाला असतास त्याहून लहान ठेवला आहे. मोठ्या शिडाच्या सहाव्या हिश्श्याएवढं. घाबरलेल्या माणसाला मोठं शीड आवरत नाही. कोपऱ्यांना चामडं लावून हातानेच शिवलं. दोर आत्ताच बांधून ठेवलेत, म्हणजे त्या वेळी शोधावे लागणार नाहीत.

स्तेरेदेनचं कार्ड सापडलं. ही नाव इथेच बांधली गेली आणि तिची पहिली शिडं वडिलांनीच शिवली, हे तू ती विकत घेतलीस तेव्हा तुला माहीत होतं की नाही कोण जाणे. १९५२ सालचं कार्ड आहे. डोलकाठीची उंची, काठीची लांबी, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात. खाली बारक्या पट्टीवर सरकणारी पितळी कडी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिच्याभोवती रेघ ओढलेली. एका कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा डाग. त्या रेघेवर नवी कडी ठेवून पाहिली. केसाचाही फरक नाही. अशा सात कड्या ओवल्या.

फळीवर एकतीस पिशव्या आहेत. तुला आठवत असतील. वडिलांनी आणि मी शिवून दिलेल्या, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तोंड न उसवता परत आलेल्या. नावा मोडीत निघाल्या, माणसं म्हातारी झाली, पण सात टाके तसेच. वडील पाहुण्यांना दुसरं काही दाखवत नसत. तेवढी फळी दाखवायचे.

तुझी बत्तिसावी व्हावी. मी ती ठेवायला जागा केली आहे. परत आणून द्यायला तू ये, पोस्टाने नको.

हात थांबले म्हणून पत्र थांबवते. आठवण ठेव, तीही माझी म्हणून, शिवणकामाची म्हणून नव्हे.

तुझी ताई,
कातेल

—

ला रोशेल, १६ मे १९८१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढचं शीड मिळालं. तारेवर चढवलं, कड्या लोण्यासारख्या सरकल्या. धक्क्यावरचे दोन म्हातारे येऊन शिवण बोटांनी चाचपून गेले. एकाने विचारलं, हे यंत्राचं काम नाही ना. मी म्हटलं, हे आमच्या ताईचं काम आहे, यंत्र तिला घाबरतं.

स्तेरेदेन पाण्याबाहेर आहे. तळ खरवडून झाला. मारिवोनने आतली कपाटं पिवळी रंगवली, कारण पावसात पिवळ्या रंगाने बरं वाटतं असं तिचं मत. खाली उतरल्यावर खरंच बरं वाटतं, तेही तिला सांगितलेलं नाही. डोलकाठी चांगली आहे. आधीच्या मालकाने दोन वर्षांपूर्वी ती उतरवून जुन्या पितळी पट्ट्या काढल्या आणि पोलादी बसवून घेतल्या, आरशासारख्या चकाकतात. सुकाणूचा दांडा मात्र बदलावा लागेल. त्यावर माझा दोन दिवस सुतारासोबत वाद चालला आहे आणि तो जिंकतो आहे.

एक विचारायचं आहे, म्हणजे मारिवोनला विचारायचं आहे. वादळाचं शीड आलं की तिला ते एकदा इथे बंदरात, वारा नसताना, चढवून बघायचं आहे. मी तिला रिवाज सांगितला. तोंड सात टाक्यांनी शिवलेलं असतं, ते फक्त समुद्रात आणि फक्त गरज पडली तर कापायचं. बंदरात ते शीड वाऱ्याला दाखवायचं नाही. ती म्हणाली, शीड काही नवरी नाही. मग म्हणाली, ताईंना विचार, त्या शहाण्या आहेत.

तर शहाण्या ताई, काय सांगू?

तुझ्या फळीवर जागा राखून ठेव. मायेतही थोडी ठेव.

तुझा,
गुलवेन

—

दुआर्नने, २० मे १९८१

चि. गुलवेनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी आलं. पिशवीचं तोंड मी सकाळीच शिवलं होतं. सात टाके, मेण लावलेल्या दोऱ्याचे. उद्या आगगाडीने पाठवते आहे. शुक्रवारी स्टेशनवर जाऊन ये.

सुकाणूच्या दांड्याबाबत सुताराचं ऐक. पिवळ्या कपाटांबाबत मारिवोनचं.

शिडाबाबत मात्र तिला सांग की आमच्याकडे ते बंदरात उघडत नाहीत. का, ते मलाही वडिलांनी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की जे बोलावलं नाही ते येत नाही, आणि पुन्हा सुईकडे वळले. मी आयुष्यभर तसंच केलं. तिला हसू आलं तर येऊ दे. शिकायचंच असेल तर मोठं शीड उतरवून ते बांधायचा सराव करा. पुढचं छोटं दहा वेळा चढवा. पिशवी डोलकाठीच्या पायाशी बांधून ठेव आणि विसरून जा.

शीड चांगलं झालं आहे. मी असं सहसा म्हणत नाही.

इथे पाऊस आहे. अंगणातलं कापड आत घेताना पाय घसरला. काही नाही, गुडघा खरचटला.

निघण्याआधी लिही. इथून कुणी सतत विचारतं आहे हे लक्षात असू दे.

तुझी ताई,
कातेल

—

ला रोशेल, २७ ऑगस्ट १९८१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळी भरतीला निघतो. हे पत्र शेजारचा गेल्डास टाकेल, म्हणून घाईत.

सगळं भरलं. कांदे, बटाटे (कारेचे, मारिवोनच्या भावाने पोत्यानेच पाठवले), सार्डिनचे डबे, बकव्हीटचं पीठ, सफरचंदाची दारू तिच्या मते जास्त आणि माझ्या मते कमी. कपडे वाळत घालायची दोरी तिने स्वतः विकत आणली, म्हणाली तुझ्या कुठल्याही दोराला मी माझे परकर बांधणार नाही.

तुझी पिशवी डोलकाठीच्या पायाशी आहे. पहिल्यांदा उचलली तेव्हा वाटलं, केवढीशी. मारिवोनने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पिशवी परत जागेवर ठेवली. गेल्या आठवड्यात मात्र पुन्हा एकदा विचारलं, एकदाच, कुणी बघत नसताना, पहाटे. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, तुम्हा दोघा भावंडांपुढे माझं काय चालणार, आणि बटाटे निवडायला बसली.

काल तुला फोन करायचा होता. पोस्टात रांग होती. मग वाटलं, पत्रच बरं. फोनवर आपण दोघंही हवामानाबद्दल बोलतो.

हवामान चांगलं आहे. उत्तरेकडचा मंद वारा.

स्पेनहून लिहीन. तोवर आमची काळजी रोज थोडीथोडीच कर, म्हणजे चार दिवस पुरेल.

तुझा,
गुलवेन

—

बुरेला, स्पेन, ९ सप्टेंबर १९८१

कातेलताईंना,
मारिवोनचा नमस्कार. पुढचा मायना आज मला जमणार नाही.

तार मिळाली असेल. तारेत दोनच ओळी मावल्या. बाकीचं तुम्हाला माझ्या हातून कळावं म्हणून लिहिते आहे. मी बरी आहे. ज्यांच्या मासेमारी बोटीने आम्हाला ओढून आणलं, त्यांच्या घरी आहे. मी एकटीच होते, तरी हात 'आम्हाला' असंच लिहितो. या घरच्या बाई माझी भाषा जाणत नाहीत. सकाळ-संध्याकाळ सूप आणून समोर बसतात. मी संपवेपर्यंत उठत नाहीत.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीस तारखेला, दुपारी पश्चिमेकडून वारा चढला. गुलवेनने एक घडी घातली, मग दुसरी. तासाभरात दोन घड्या घातलेलं शीडही जास्त झालं. नाव कुशीवर पडत होती. त्याने मोठं शीड पूर्ण उतरवून बांधलं. हे आम्ही वीसदा केलेलं होतं, आमचे हात चुकले नाहीत. पुढचं छोटं चढवलं. तेही बिनचूक. पण पुढच्या एकट्याने नाव नाक फिरवून लाटांना पाठ द्यायला लागली. तो म्हणाला, मागचं चढवलं की ती वाऱ्याकडे तोंड करून थांबेल आणि आपण चहा करू.

टाके त्यानेच कापले. माझ्याकडे बघून हसला.

पहिली कडी पट्टीवर चढली नाही. त्याला वाटलं हात ओले आहेत. दुसरी लावून पाहिली. मग सातही. पट्टी कडीपेक्षा रुंद होती, ताई. नखाएवढी. त्याने कडी चाकूच्या मुठीने ठोकली. मग मागे वळून माझ्याकडे आला. मला वाटलं चिडला असेल. तो चिडलेला नव्हता. म्हणाला की मारिवोन, मळणीयंत्र रिकामं चालवून बघायला हवं होतं. आणि कपड्यांची दोरी मागितली.

ती दोरी मी दिली.

दोरीचे तुकडे करून तो एकेक कडी डोलकाठीभोवतीच बांधू लागला. डोलकाठीच्या पलीकडे हात पोचावा म्हणून त्याने नावेला अडकवलेला कमरेच्या पट्ट्याचा हूक काढला. मी ओरडले. त्याने हाताने थांब अशी खूण केली. चार बांधून झाल्या. पाचवीच्या वेळी लाट बाजूने आली. ती गेली तेव्हा तिथे दोरी होती.

मी तरंगतं कडं फेकलं. इंजिन चालू केलं. त्याचा पिवळा कोट दोनदा दिसला. दुसऱ्यांदा लांब होता. लाटा नाव ढकलत होत्या आणि मला तिथून लांब जायचं नव्हतं. तेव्हा मी डोलकाठीशी गेले आणि दोर ओढला. चार कड्यांवर शीड अर्धंच वर गेलं, पण गेलं. नाव वळली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि एकदम शांत झाली. तुमचं शीड चांगलं आहे, ताई. ते मी शेवटपर्यंत उतरवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मासेमारी बोटीने नारिंगी रंग पाहिला म्हणून ते आले. तोवर मी पाण्याकडे बघत होते.

अजून काही सापडलेलं नाही. इथले लोक म्हणतात, या महिन्यात पाणी उत्तरेकडे वाहतं.

रागावून लिहीत नाही. रागावायला अजून जागाच झालेली नाही. पण एक विचारते आणि खरं उत्तर हवं आहे. इथल्या बंदरातल्या माणसाने पट्टी बघून सांगितलं की ती मूळची नाही, मागाहून बसवलेली आहे. गुलवेन म्हणायचा, ताईला सगळं कळवलं आहे. हे कळवलं होतं का?

तो शेवटचे तीन दिवस रोज तुमचं नाव घेत होता. हे लिहायला हवं म्हणून लिहिलं.

मारिवोन

—

दुआर्नने, १७ सप्टेंबर १९८१

प्रिय मारिवोनला,
कातेलचे आशीर्वाद. ते तू घ्यावेस असा माझा हक्क उरलेला नाही, तरी लिहिते.

कळवलं होतं.

सोळा मेच्या पत्रात. तुझ्या पिवळ्या कपाटांच्या आणि सुकाणूच्या दांड्याच्या मधोमध एक ओळ. आधीच्या मालकाने पट्ट्या बदलल्या, आरशासारख्या चकाकतात. त्याने ती गंमत म्हणून लिहिली. त्याला शिडातलं इतकं कळत नव्हतं की त्या ओळीचा अर्थ लागावा. मला कळत होतं.

पत्र वीस तारखेला दुपारी आलं. पिशवी सकाळीच शिवली होती. मी ती ओळ वाचली आणि उठून पिशवीपाशी गेले. चाकू हातात घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चाकू पहिल्या टाक्याखाली घातला होता. पन्नास वर्षांत मी स्वतःचा शिवलेला टाका कापलेला नाही. मला वाटलं, टाका कापणं म्हणजेच वादळाला बोलावणं. मग मनाशी म्हटलं की पोलादी असो की पितळी, पट्टी त्याच मापाची बसवतात. म्हटलं की वडिलांचं कार्ड चुकत नाही. कार्ड चुकलेलं नव्हतं. ते एकोणतीस वर्षं जुनं होतं, एवढंच.

निदान विचारायला हवं होतं. पट्टी मोजून पाठव, चार शब्द. तेही लिहिले नाहीत, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग टाके कापावे लागले असते. मी त्याला गुडघा खरचटल्याचं लिहिलं.

तू दोनदा मागितलंस. पंपाच्या वेळी त्याने मला हसत लिहिलं होतं आणि मीही इथे हसले होते. बटाट्यांच्या शेतातली मुलगी, तिला काय ठाऊक. जे करायला हवं होतं ते त्या घरात तुला एकटीलाच ठाऊक होतं. आणि तुला गप्प करायला त्याने माझं पत्र वाचून दाखवलं.

त्याला वेगळं शीड नको होतं, हे तुला माहीत आहे. तिसरी घडी मागत होता. मी वादात जिंकले. शीड निवडण्यात मी चुकले असं आजही वाटत नाही, आणि त्याने काहीच सोपं होत नाही. निवड बरोबर होती. मी ती पिशवीत शिवून टाकली.

त्या फळीसमोर मी तुझं पत्र आल्यापासून बसते आहे. एकतीस पिशव्या. आम्ही त्या मिरवत होतो. आता बघते तर त्यांतल्या किती उघडल्या असत्या तर चालल्या असत्या, हे कुणालाच माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं. त्यांचं नशीब, की कधी कळलं नाही.

जी शिडं अजून नावांवर आहेत, त्यांच्या मालकांची नावं वहीत आहेत. सगळ्यांना पत्र लिहिणार आहे, की टाके कापा आणि शांत दिवशी बंदरात चढवून बघा. का, ते विचारतील. माझ्या भावाचं नाव सांगीन.

तू मला क्षमा करावीस असं मागत नाही. कारेला तुझ्या भावाकडे जाशील तेव्हा वाटेत इथे उतरलीस तर वरची खोली रिकामी आहे. नाही उतरलीस तर तेही मला समजेल. शीड परत पाठवू नकोस, ते तुझं आहे. तू ते वर नेलंस.

त्या घरच्या बाईंना माझे हात जोडून नमस्कार सांग. सूप घेत जा.

यापुढे तू लिहावंस असं वाटतं. न लिहिलंस तरी माझी पत्रं येत राहतील.

कातेल

ता. क. काल रात्री पाकीट बंद केलं नव्हतं, म्हणून आणखी चार ओळी लिहिते. ब्रेस्तच्या एका दांपत्यासाठी शिवलेली पिशवी इथे तयार होती. त्यांची नाव इथल्याच धक्क्याला आहे. आज सकाळी मी सात टाके कापले, शीड खांद्यावर घेऊन धक्क्यावर गेले आणि त्यांना चढवायला सांगितलं. माणसं बघत उभी राहिली. खालून तिसरी कडी अडली. ती कानशीने घासून घेतली. मग शीड वरपर्यंत गेलं. वारा नव्हता.